परळचा प्रश्न, परळनेच सोडवावा

मुंबईतील मराठी घरांत एखाद्याला ‘टाटाला दाखवले’ असे सांगितले की पुढचा शब्द उच्चारावा लागत नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव गेल्या आठ दशकांत एका रोगाचा पर्याय होऊन बसले आहे. रोगाचे नाव टाळण्याची ही रीत गिरगावच्या वाड्यांत आणि लालबागच्या चाळींत सारखीच. नाव टळले की रोगाविषयीचे बोलणे टळते, आणि बोलणे टळले की त्याविषयी जगात जे नवे कळले आहे तेही उंबरठ्याबाहेरच राहते. जठराच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत पोटाच्या, कर्करोगाबाबत नेमके हेच घडत आहे. तिशी-चाळिशीत होणारा हा रोग आणि सत्तरीत होणारा हा रोग एकाच नावाने ओळखले जात असले, तरी त्यांच्या गाठींतील जनुकीय घडामोड पुष्कळदा निराळी असते, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. हे ज्ञान प्रयोगशाळांत आहे, नियतकालिकांत आहे, तज्ज्ञ डॉक्टरांपाशी आहे. कुटुंबांपाशी ते पोहोचलेले नाही.

त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. दादरचा चौतिशीतला एखादा नोकरदार दोन घास खाल्ले की पोट भरल्याची तक्रार करू लागतो. घरचे सांगतात, बाहेरचे खाणे कमी कर. औषधाच्या दुकानातून आम्लपित्ताच्या गोळ्या येतात आणि महिनाभर बरेही वाटते. कारण आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्या कर्करोगाच्या व्रणाची लक्षणेही काही काळ दडपू शकतात. तरुण स्त्रीच्या बाबतीत मळमळ आणि रक्तक्षय यांना आणखी सोपी कारणे हाताशी असतात: उपवास, पाळी, बाळंतपण. वजन बरेच उतरल्यावर कधीतरी दुर्बिणीची तपासणी होते, तोवर रोग जठराच्या भिंतीबाहेर पडलेला असतो. दुसरे घर गिरगावातले. बहात्तर वर्षांच्या आजोबांना काळी शौचास होते, तपासणीत गाठ सापडते, मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि ‘आता या वयात कशाला हाल’ असे म्हणून विषय मिटतो. पहिल्या घरात वय कमी म्हणून निदान लांबले. दुसऱ्या घरात वय जास्त म्हणून उपचार नाकारले गेले. गाठ कोणत्या जातीची आहे हे दोन्ही घरांत कोणी विचारलेच नाही.

ही जात ओळखण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६५ साली फिनलंडचे विकृतिशास्त्रज्ञ पेक्का लॉरेन यांनी केला. सूक्ष्मदर्शकाखाली जठराचे कर्करोग दोन निरनिराळ्या रूपांत दिसतात, असे त्यांनी मांडले. एकात पेशी आतड्याच्या अस्तरासारखी रचना करून एकत्र वाढतात. हा आंत्रसदृश प्रकार. दुसऱ्यात पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सुट्या सुट्या होऊन जठराच्या भिंतीत शिरतात. हा विखुरलेला प्रकार. पहिला मुख्यतः उतारवयात आणि पुरुषांत अधिक आढळतो. दुसरा तरुणांत तुलनेने अधिक, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाणही मोठे.

आंत्रसदृश प्रकाराची वाटचाल संथ असते. त्याचे मूळ बहुधा बालपणीच्या एका जंतूत असते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जंतू ओळखला. त्याबद्दल त्यांना २००५चे नोबेल मिळाले. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले होते. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे, मजल्याला सामाईक नळ आणि सामाईक शौचकूप, अशा गिरणगावच्या जुन्या राहणीत हा जंतू लहानपणीच एकापासून दुसऱ्याकडे जाणे सोपे होते. दाट वस्ती आणि घरातील गर्दी यांच्याशी त्याचे नाते जगभर दिसून आले आहे. जंतूमुळे अस्तराला दीर्घकाळ सूज राहते, अस्तर झिजते, त्याजागी आतड्यासारखे अस्तर येते आणि काही थोड्या जणांत पुढे कर्करोग उद्भवतो. पेलायो कोरेया यांनी या पायऱ्या मांडून दाखविल्या. खारवलेले व धुरावलेले अन्न आणि तंबाखू या प्रवासाला गती देतात. दरम्यानच्या दशकांत पेशींत चुका साठत जातात. पेशींवर पहारा करणारे टीपी-५३ हे जनुक निकामी होते, गुणसूत्रांचे तुकडे गळतात वा दुणावतात. वृद्धाच्या गाठीत आढळणारा जनुकीय गोंधळ हा असा आयुष्यभराचा जमाखर्च असतो. घरोघरी शीतकपाट आले, मीठ लावून टिकवण्याची गरज घटली, पाणी सुधारले, आणि हा प्रकार बहुतेक देशांत ओसरत गेला. मुंबईच्या नोंदींतही गेल्या काही दशकांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण उतरलेले दिसते.

तरुणांच्या गाठीला एवढा जमाखर्च साठवायला वेळच मिळालेला नसतो. तिच्यात एकूण बदल कमी, पण जे असतात ते मर्मावर घाव घालणारे. शेजारच्या पेशीला चिकटून राहण्यासाठी पेशीजवळ ई-कॅडहेरिन नावाचे एक प्रथिन असते. विटांमधल्या चुन्यासारखे त्याचे काम. हे प्रथिन घडविणारे सीडीएच-१ जनुक बिघडले की चुना सुटतो. आरएचओए या दुसऱ्या जनुकातील बदल पेशीच्या आकारावर आणि हालचालीवर परिणाम करतो. क्लॉडिन-१८ या जनुकाचा तुकडा भलत्याच जनुकाला जोडला जाण्याचा प्रकारही या गाठींत विशेषत्वाने आढळला आहे. मग पेशी एकेकट्या सुटतात, त्यांच्या पोटात श्लेष्मा साचून केंद्रक कडेला ढकलले जाते आणि त्या खड्याच्या अंगठीसारख्या दिसू लागतात. या पेशी अस्तराच्या खालून पसरत असल्याने वरून पाहणाऱ्या दुर्बिणीला सुरुवातीला फारसे काही दिसत नाही. एखाद-दुसरा तुकडा तपासून ‘काही नाही’ असा अहवालही येऊ शकतो. पुढे जठराची भिंत चामड्याच्या पिशवीसारखी ताठ होते. दोन घासांत पोट भरते ते यामुळे.

हे सारे केवळ सूक्ष्मदर्शकाच्या भरवशावर राहिलेले नाही. अमेरिकेच्या कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने २०१४ मध्ये २९५ रुग्णांच्या गाठींचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले आणि जठराच्या कर्करोगाचे चार जनुकीय प्रकार सांगितले. गुणसूत्रे अस्थिर झालेल्या गाठी सुमारे निम्म्या होत्या. एप्स्टाइन-बार विषाणूशी निगडित गाठी सुमारे ९ टक्के. जनुकांतील अक्षरचुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडलेल्या गाठी २२ टक्के होत्या आणि त्या रुग्णांचे मध्यम वय ७२ होते. जनुकसंच तुलनेने स्थिर असलेल्या, प्रामुख्याने विखुरलेल्या प्रकारच्या गाठी २० टक्के होत्या, त्यांचे मध्यम वय ५९. कोरियाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तरुणपणी हा रोग झालेल्या ८० रुग्णांच्या गाठींतील जनुके आणि प्रथिने एकत्र तपासली. तेथेही सीडीएच-१ आणि आरएचओए ही नावे ठळकपणे पुढे आली. त्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी, त्या देशात वृद्धांतील जठराचा कर्करोग घटत असताना साठीच्या आतील रुग्णांचा वाटा ३० टक्क्यांवर गेल्याचे आणि या रुग्णांच्या गाठी जनुकीयदृष्ट्या वेगळ्या असल्याचे नोंदविले.

या भेदाचा रुग्णाला उपयोग काय, असे कोणी विचारील. आंत्रसदृश गाठींत हर-टू हे प्रथिन अधिक वेळा वाढलेले सापडते. त्यावरील ट्रॅस्टुझुमॅब या औषधाचा जठराच्या कर्करोगातील लाभ २०१० मध्ये सिद्ध झाला, आणि बेंगळुरूच्या बायोकॉनने २०१४च्या आरंभी त्याचे भारतीय रूप बाजारात आणले. स्वदेशी संशोधनाने औषध आवाक्यात आणण्याचे हे उत्तम उदाहरण. ज्या वृद्धांच्या गाठीत दुरुस्तीची यंत्रणा बंद असते, त्यांच्या रोगाचा कल तुलनेने बरा असतो. नेहमीच्या केमोथेरपीचा त्यांना होणारा लाभ कमी दिसला आहे, तर शरीराच्या प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी नवी औषधे त्यांच्यावर चांगली लागू पडतात. म्हणजे ‘या वयात कशाला’ म्हणून ज्या आजोबांची फाइल कपाटात गेली, त्यांच्यातच उपचाराला सर्वाधिक साथ देणारी गाठ असू शकते. तरुणांच्या बाजूला इतकी उदार यादी अजून नाही. क्लॉडिनवर नेम धरणाऱ्या झोल्बेटुक्सिमॅब या औषधाला २०२४ मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण अशा औषधांची किंमत मध्यमवर्गीय घराला झेपणारी नसते. तरुण रुग्णाच्या हातात आज सर्वांत मोलाचे काही असेल तर ते वेळेवरचे निदान. काही थोड्या कुटुंबांत तर निदानाच्याही आधी सावध होता येते.

न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या ऐन तारुण्यात माणसे जठराच्या कर्करोगाने जात होती. कोणी शाप म्हणे, कोणी करणी. त्या कुटुंबाने स्वतः पुढाकार घेतला, वंशावळ लिहून काढली, रक्ताचे नमुने दिले, आणि पॅरी गिलफर्ड यांच्या गटाला १९९८ मध्ये त्यांच्यात सीडीएच-१ जनुकातील वारशाने येणारा दोष सापडला. तो आई वा वडील कोणा एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दोष असलेल्या स्त्रियांना स्तनांच्या एका विशिष्ट कर्करोगाचाही धोका असतो. अशा व्यक्तींना बहुधा विशी-तिशीतच जठर शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. ऐकायला भयंकर वाटणारा हा उपाय त्या कुटुंबातील अनेकांनी स्वीकारला, आणि ते जठराविना जगले, संसार केले. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार पन्नाशीच्या आत विखुरलेल्या प्रकारचा जठराचा कर्करोग झालेल्या व्यक्तीची, घरात दुसरा रुग्ण नसला तरी, ही जनुकीय तपासणी करण्याजोगी मानली जाते. दादरच्या त्या चौतिशीतल्या रुग्णाच्या धाकट्या बहिणीसाठी हे एक वाक्य साऱ्या औषधांहून अधिक मोलाचे ठरू शकते.

मात्र येथे घबराट पसरवणाऱ्यांना दूर ठेवले पाहिजे. तरुण रुग्णांतही बहुसंख्यांत वारशाचा दोष सापडत नाही. त्यांच्या गाठीतील बदल त्यांच्या हयातीत, त्या पेशींपुरते घडलेले असतात आणि मुलाबाळांकडे जात नाहीत. परळच्या रांगेत तरुण चेहरे अधिक दिसतात याचे एक साधे कारण असे की हा देशच तरुण आहे. मुंबईत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जगाच्या तुलनेत कमी आहे. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची सरकारी तपासणी होते; त्याची नक्कल येथे करण्यात शहाणपण नाही, आणि खासगी प्रयोगशाळांच्या ‘संपूर्ण जनुक तपासणी’च्या जाहिरातींना भुलून निरोगी माणसाने हजारो रुपये खर्चण्यातही नाही. तशीच सावधगिरी ‘रामबाण’ काढे विकणाऱ्यांबाबत हवी. आयुर्वेदाच्या नावावर कर्करोग बरा करण्याची हमी देणारे लोक आयुर्वेदाचीच बदनामी करतात, आणि तरुण रुग्णाचे हातचे दोन-तीन महिने खाऊन टाकतात. हितचिंतक म्हणून असे पत्ते पुरवणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही याचा विचार करावा.

खरा प्रश्न वेगळा आहे. वर दिलेले सारे आकडे परक्या माणसांच्या शरीरांतून आले आहेत. भारताचे चित्र तर विलक्षण. हेलिकोबॅक्टरची लागण येथे बहुसंख्यांना होते, तरी जठराचा कर्करोग त्या मानाने कमी. जगाचे वैद्यक याला भारतीय कोडे म्हणते. आणि त्याच भारतात मिझोरामच्या ऐझॉलमध्ये त्याचे प्रमाण देशात सर्वाधिक. तेथील धुरावलेले मांस आणि तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेले ‘तुइबुर’ यांच्याकडे संशोधकांनी बोट दाखविले आहे. चेन्नईत मुंबईपेक्षा अधिक. एवढी विविधता एका देशात असताना परक्या कोष्टकात आपला रुग्ण बसवण्याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. जनुकीय तपासणीच्या अहवालात ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. अनिश्चित अशासाठी की तो बदल युरोपीय नोंदींत नाही. येथे तो निरुपद्रवी आणि सर्रास आहे की घातक, हे सांगायला येथील पुरेशा नोंदी नाहीत. हैदराबादचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समाजगट तपासले. त्यांपैकी ८१ गट मोजक्याच पूर्वजांपासून वाढलेले आणि आपापसांतच विवाह करीत आलेले निघाले. अशा गटांत एखादा दुर्मीळ दोष दाट होऊन बसतो. समरसतेच्या व्यासपीठावरून जातीच्या भिंतींविषयी जे सांगितले जाते, त्याला जनुकशास्त्राने असा अनपेक्षित दुजोरा दिला आहे. सीडीएच-१ सारख्या, एकाच पालकाकडून आला तरी पुरणाऱ्या दोषावर हा उपाय नव्हे, हेही खरे.

जीनोम इंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, ही मोठी राष्ट्रीय मिळकत आहे. ‘अर्थ अनिश्चित’चे शेरे तिच्यामुळे कमी होतील. पण ते निरोगी माणसांचे वाचन आहे. गाठींचे वाचन निराळे करावे लागते. मद्रास आयआयटीने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय कर्करोग जनुकसंचाचा जो कोश खुला केला, त्याची सुरुवात स्तनांच्या कर्करोगाने झाली. रुग्णसंख्या पाहता ते योग्यच. जठराच्या कर्करोगावर भारतात सुटे अभ्यास झाले आहेत. चाळिशीच्या आतले आणि सत्तरीच्या पुढचे भारतीय रुग्ण शेजारी ठेवून, मिझोरामपासून कोकणापर्यंतच्या गाठींचे वाचन करणारा मोठा संच मात्र उभा राहायला हवा. आणि तो उभारण्याचे पहिले दायित्व परळचे आहे.

कारण हा प्रश्न विचारण्याची परंपराच परळची. डॉ. वसंत रामजी खानोलकर टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा त्यांनी केवळ गाठी कापून पाहिल्या नाहीत. रुग्ण कोणत्या समाजाचा, खातो काय, चघळतो काय, हे विचारले. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १ हजार रुग्णांवरील त्यांचा निबंध १९४४ चा. देश पारतंत्र्यात होता, साधने तुटपुंजी होती, आणि तरीही तंबाखू व कर्करोग यांचे नाते भारतीय रुग्णांतून भारतीय माणसाने मांडले. त्यांचे सहकारी एल. डी. संघवी यांनी त्यांच्यासमवेत १९५० च्या सुमारास मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांची सात आनुवंशिक लक्षणांवरून तुलना केली. जनुकशास्त्राचे आजचे यंत्र तेव्हा कल्पनेतही नव्हते. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो दुर्मीळ रक्तगट जगापुढे आणला त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हेच नाव पडले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘ए’ रक्तगटाच्या व्यक्तींत जठराचा कर्करोग काहीसा अधिक आढळतो असे दिसून आले, म्हणजे या रोगाचा आनुवंशिकतेशी जोडलेला पहिला धागा रक्तगटाचाच होता. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीही मुंबईत, १९६३ साली, डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. या माणसांनी परदेशी उत्तरांची वाट पाहिली नाही. त्यांचे स्मरण पुण्यतिथीच्या हारापुरते ठेवायचे नसेल तर त्यांचा प्रश्न पुढे न्यावा लागेल.

अर्थात प्रयोगशाळा एकटी हे करू शकत नाही. तिला कुटुंबांची साथ लागते, आणि येथे मराठी मध्यमवर्गाने स्वतःकडे पाहावे. कुलवृत्तान्त छापण्याची मोठी परंपरा या समाजात आहे. गिरगाव-दादरच्या किती कपाटांत ते जाडजूड ग्रंथ असतील! दहा-बारा पिढ्यांची नावे, गावे, इनामे, मौंजी, कोण कोणत्या हुद्द्यावर निवृत्त झाला, सारे सापडेल. काका पस्तिसाव्या वर्षी कशाने गेला ते सापडणार नाही. ‘अल्पशा आजाराने’ एवढेच. मुलीचे लग्न व्हायचे आहे, बाहेर कळू नये, म्हणून आत्याचा आजार भाच्यालाही सांगितला जात नाही. डॉक्टर विचारतात, घरात आणखी कोणाला होता का? उत्तर येते, नाही. त्या नकारावर पुढच्या साऱ्या तपासणीची दिशा ठरते. माओरी कुटुंबाजवळ छापील कुलवृत्तान्त नव्हता; आठवणी होत्या, आणि त्या सांगण्याचे धैर्य होते. कुलमंडळांच्या संमेलनांत सत्काराच्या कार्यक्रमातून अर्धा तास काढून घरोघरच्या आजारांची, मृत्यूच्या वयासह, गोपनीय नोंद सुरू करता येईल. खर्च शून्य.

माहिती उघड करण्याची भीती निराधार नाही, हेही मान्य करावे लागेल. जनुकीय दोष कळल्यावर विमा मिळेल का, नोकरीत अडचण येईल का, या शंका खऱ्या आहेत. विमा पॉलिसीतील ‘जनुकीय विकार वगळून’ हे सरसकट कलम भेदभाव करणारे असल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आणि त्यानंतर विमा नियामकाने कंपन्यांना सूचनाही दिल्या. अमेरिकेने आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभावाला बंदी करणारा कायदा २००८ मध्येच केला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. संसदेतील मराठी खासदारांना यापेक्षा विधायक विषय कोणता हवा?

रुग्णसेवेच्या क्षेत्रात परळ-दादरला कार्यकर्त्यांची वाण नाही. नाना पालकर यांच्या स्मरणार्थ १९६८ मध्ये स्थापन झालेली स्मृती समिती परळच्या रुग्णसेवा सदनात गावोगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देत आली आहे; दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचे कार्यही तसेच. डॉ. हेडगेवारांचे चरित्र लिहिणाऱ्या नानांच्या नावाने उभे राहिलेले हे काम किती कुटुंबांना पदपथावरच्या रात्रींतून वाचवत असेल, ते टाटाबाहेरचा पदपथ पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. निवास, भोजन, औषधे यांची व्यवस्था बसलेली आहे. या सेवेत आता आणखी एक काम जोडता येण्यासारखे आहे. रुग्णाबरोबर आलेले नातेवाईक अशा सदनांत आठवडेच्या आठवडे राहतात, संध्याकाळी मोकळे असतात आणि घरची खरी हकिकत दवाखान्याच्या खिडकीपेक्षा येथे मोकळेपणाने सांगतात. प्रशिक्षित कार्यकर्त्याने, कार्यकर्त्या भगिनीने, त्यांच्याजवळ बसून तीन पिढ्यांची वंशावळ काढून दिली, तर सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर ती तयार असेल. पन्नाशीच्या आतील रुग्ण असेल तर ‘जनुकीय समुपदेशन हवे का, हे विचारा’ एवढे सांगता येईल. सत्तरीपुढील रुग्ण असेल तर ‘गाठीची हर-टू आणि दुरुस्ती-यंत्रणेची तपासणी झाली का’ हा एक प्रश्न कागदावर लिहून देता येईल. निर्णय डॉक्टरांचा, प्रश्न मात्र कुटुंबाने नेलेला.

आणखी एक कागद आहे, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तपासणीनंतर उरलेला भाग संशोधनासाठी जतन करण्याची संमती रुग्णाकडून घेतली जाते; टाटा रुग्णालयात अशा नमुन्यांची पेढी आहे. बहुतेक नातेवाईक घाईत, न वाचता सही करतात किंवा ‘आमच्यावर प्रयोग नकोत’ म्हणून नाकारतात. त्या तुकड्याचा रुग्णाच्या उपचाराशी संबंध नाही, नाकारल्याने उपचारात फरक पडत नाही आणि नाव गुप्त राहते, हे त्यांच्या बोलीत समजावून सांगणारे माणूस त्या वेळी जवळ नसते. तरुण भारतीयांच्या जठराच्या कर्करोगाचा जो संच उभा राहायचा आहे, तो अशाच तुकड्यांतून उभा राहील. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज देशभरातील तीनशेहून अधिक रुग्णालये व संस्था आहेत आणि त्याचे सूत्र परळहूनच हलते. गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्थाही २०१७ पासून टाटा स्मारक केंद्राच्या परिवाराशी जोडली गेली आहे, त्यामुळे ईशान्येचे रुग्णही त्यात येऊ शकतात. नमुने एकाच पद्धतीने जमवण्याची यंत्रणा तयार आहे. अणुऊर्जा विभागाने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जठराच्या कर्करोगासाठी त्यावर स्वतंत्र निधी ठेवावा, तरुण आणि वृद्ध रुग्णांच्या नोंदी वेगळ्या काढून दर वर्षी प्रसिद्ध कराव्यात, आणि पन्नाशीच्या आतील रुग्णाची व दोष सापडल्यास त्याच्या सख्ख्या भावंडांची जनुकीय तपासणी राज्याच्या आरोग्य योजनेतून विनामूल्य व्हावी.